वाशी ते न्यूयॉर्क: नेमकं किती लांब?

(हा ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.)

आजचा प्रश्न एकदम साधा आहे. मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती? फोन हातात आहेच, विचारा त्याला. सेकंदाच्या आत उत्तर येईल: साधारण १२,५०० किलोमीटर.

मग एपिसोड कशाला करायचा? कारण हाच प्रश्न तुम्ही एप्रिल-मे महिन्यात वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये, फळ बाजारात आंबा निर्यात करणाऱ्याला विचारलात, तर उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही. तो म्हणतो, "पाच दिवस." किंवा म्हणतो, "सध्या बंद आहे." तेच शहर, तेच विमान, पण उत्तर वेगळं. आणि त्या उत्तरावर त्याचे लाखो रुपये अडकलेले असतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक केलंय, नवी मुंबईतच राहतो. माल कुठून कुठे, किती वेळात पोचेल याचा हिशोब करणारा कोड लिहिणं हे माझं काम. त्यामुळे अंतर या विषयाशी रोजचा संबंध. आज आपण फोनवरच्या आकड्यापासून सुरुवात करू आणि आंब्याच्या पेटीपर्यंत जाऊ.

फोन हा आकडा आणतो कुठून?

कुणीतरी पट्टी घेऊन मोजलेलं नाहीये हे. फोनकडे फक्त चार आकडे असतात. मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर, ७३.८ अंश पश्चिम. गंमत बघा, दोन्ही ७३ च्या आसपास. एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

आता डोळ्यासमोर आणा: पृथ्वीच्या मध्यापासून एक रेघ मुंबईला, दुसरी न्यूयॉर्कला. या दोन रेघांमधला कोन येतो सुमारे ११२.७ अंश. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की १२,५३० किलोमीटर. झालं. हा कोन काढायच्या सूत्राला हॅवरसाइन म्हणतात. दहा-बारा ओळींचा कोड आहे, शाळेतल्या साइन-कोसाइनवर चालतो. ज्यांना तेव्हा वाटलं होतं की त्रिकोणमिती कुठे वापरणार आयुष्यात, त्यांनी कॅब बुक करताना आठवण काढा तिची.

दोन वेबसाइट्सवर वीस-तीस किलोमीटरचा फरक दिसला तर गोंधळू नका. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. कोणी गोल धरून हिशोब करतं, कोणी चपटेपणा धरून. दोघंही बरोबर.

कलिंगड आणि सुतळी

भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. म्हणजे बऱ्यापैकी पश्चिमेला. प्रत्यक्षात सगळ्यात जवळचा रस्ता मुंबईतून निघतो तो जवळजवळ उत्तरेला तोंड करून, उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेकडे कलून. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया असं करत तो ६५ अंश उत्तरेच्या जवळ, म्हणजे आइसलँडच्या पातळीपर्यंत चढतो आणि मग कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. एक कलिंगड घ्या, उन्हाळ्यात एपीएमसीच्या बाहेर ढिगाने असतात. त्यावर पेनाने दोन खुणा करा, देठापासून दोन्ही साधारण सारख्या अंतरावर, पण कलिंगडाच्या विरुद्ध बाजूंना. आता त्या दोन खुणांमध्ये सुतळी ताणून धरा. सुतळी आपोआप देठाकडे सरकेल. कलिंगडाला कमरेवरून वळसा घालण्यापेक्षा डोक्यावरून जाणं जवळचं पडतं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव समजा.

फरक किती पडतो? मी दोन्ही हिशोब चालवून बघितले. होकायंत्राची एकच दिशा धरून, नकाशावरच्या सरळ रेघेने गेलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर. सुतळीच्या रस्त्याने १२,५३०. जवळपास १,७०० किलोमीटर वाचले. मुंबईहून कोलकात्याला जायला विमानाला साधारण तेवढंच अंतर लागतं.

सॅन फ्रान्सिस्कोचं तर आणखी मजेशीर. अमेरिका म्हटलं की आपण पश्चिमेकडे बोट दाखवतो. पण मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सगळ्यात जवळचा रस्ता, १३,५०० किलोमीटरचा, निघतो तो उत्तरेपासून १४ अंश पूर्वेकडे कलून. लडाख म्हणजे तिबेटच्या पठाराची पश्चिम कड, सायबेरिया, आर्क्टिक, अलास्का. पण विमानं तशी जात नाहीत. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. समजा विमानातला हवेचा दाब गेला, तर पायलटला झटपट साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, म्हणजे लोकांना श्वास घेता येईल. तिबेटवर तर जमीनच १०,००० फुटांच्या वर आहे. खाली येणार कुठे? म्हणून कंपन्या तो पट्टा शक्यतो टाळतात.

म्हणजे फोनने दिलेलं अंतर हे भूमितीचं अंतर. ते खोटं नाही, पण त्या रेघेवरून विमान नेता येईलच असं नाही.

आकाशातली नाकाबंदी

आकाशात रस्ते नसले तरी हद्दी असतात. प्रत्येक देशाचं आपापलं हवाई क्षेत्र. परवानगी नसेल तर वळसा घ्या.

पुलवामा-बालाकोटनंतर, फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानचं हवाई क्षेत्र बहुतेक बंद होतं. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंदी घातली. आणि २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यापासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. म्हणजे मुंबई-न्यूयॉर्क एकच प्रवास, पण विमान कोणत्या देशाचं आहे यावर रस्ता बदलतो.

मुंबईचं नशीब त्यातल्या त्यात बरं. आपल्या पश्चिमेला समुद्र आहे. अरबी समुद्रावरून मस्कतकडे जायचं आणि तिथून सुतळी ताणायची, असा हिशोब केला तर १२,९०० किलोमीटर येतात. म्हणजे साडेतीनशे-चारशे किलोमीटरच जास्त. दिल्लीचं मात्र अवघड होतं. तिथल्या विमानाला आधी खाली गुजरातच्या बाजूला यावं लागतं, मग पश्चिमेकडे. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं इंधन भरायला व्हिएन्नात थांबवावी लागली. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. विमानांच्या दुरुस्तीसोबत बंद हवाई क्षेत्र हेही कारण कंपनीने दिलं होतं.

आता यात आंब्याचा काय संबंध? आहे ना! आंब्याच्या पेट्या बऱ्याचदा प्रवासी विमानाच्याच पोटात जातात. वर आपण बसतो, खाली बॅगा आणि माल. विमानाचं उडतानाचं एकूण वजन ठरलेलं असतं. रस्ता लांबला की इंधन जास्त भरा. इंधन जास्त भरलं की वजन कुठून तरी कमी करा. प्रवासी तर उतरवता येत नाहीत सहसा. मग कमी होतो तो माल. म्हणजे हजारो किलोमीटरवर दोन देशांचं भांडण झालं, तर त्याचा एक धागा वाशीच्या गाळ्यात येऊन पोचतो: "आज जागा नाही, उद्या बघू." आणि मालाचं भाडं वाढतं.

लांबचा रस्ता, लवकर पोच

वाऱ्याचाही हिशोब आहे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण १६ तास लागतात, आणि येताना तासा-दीड तासाने कमी.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाची दिशाच बदलली. आधी ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. नंतर प्रशांत महासागरावरून नेलं, सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! कारण आता वारा पाठीशी होता. तेव्हा "लांब" आणि "उशीर" हे एकच नाही हे लक्षात ठेवा. आता आंब्याकडे जाताना ते लागणार आहे.

आंब्याचं घड्याळ

बाकी माल, समजा स्टीलचे नट-बोल्ट, दोन दिवस उशिरा गेले तरी नट-बोल्टच राहतात. हापूसच्या आत घड्याळ चालू असतं, आणि ते झाडावरून उतरवल्या क्षणी सुरू होतं.

लांबच्या बाजारासाठी हापूस चौदा आणे तयार असताना काढतात. कच्चा, हिरवा, पण आतून पुरता भरलेला. पाडाचा पाठवलात तर तिकडे पोचेपर्यंत गळून जाईल. फार कोवळा काढलात तर पिकणारच नाही, नुसता सुरकुतेल.

माझ्या ओळखीच्या एका निर्यातदार काकांसाठी मी एक साधी शीट बनवली होती: फळ झाडावरून निघालं त्या तासापासून अमेरिकेतल्या दुकानात लागेपर्यंत कुठे किती तास गेले. सांगतो, साधारण कसं दिसतं ते.

समजा देवगडला सकाळी तोडणी झाली. दुपारी निवड, संध्याकाळी ट्रक. रात्रभर घाट आणि हायवे, पहाटे वाशी. इथपर्यंत जवळपास २४ तास. मग पॅक हाऊस. अमेरिकेसाठी फळ ५२ अंशांच्या गरम पाण्यातून तीन-चार मिनिटं काढतात, सुकवतात, वजनाप्रमाणे लावतात, जाळीच्या पेटीत भरतात. मग विकिरण. पणन मंडळाचं विकिरण सुविधा केंद्र वाशीलाच आहे. कमीत कमी ४०० ग्रे एवढी मात्रा द्यावी लागते, म्हणजे कोयीतला भुंगा किंवा फळमाशी आत असेल तरी तिची पुढची पिढी तयार होत नाही. हे सगळं अमेरिकेच्या कृषी खात्याच्या निरीक्षकासमोर. तुमचा नंबर कधी लागतो त्यावर दिवस-दीड दिवस जातो. मग वाशी ते सहार विमानतळ, पंचवीसेक किलोमीटर. खाडीपूल, मानखुर्द, पुढचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहेच. तिथे विमानाच्या किती तरी तास आधी माल द्यायचा. मग विमान. थेट असेल तर १६ तास, आखातात बदलायचं असेल तर दिवसभर. तिकडे तपासणी, कस्टम्स, घाऊक व्यापारी, दुकान.

बेरीज केली की पाच दिवस, कधी सहा. म्हणजे १२० तासांतले हवेत फक्त १६. १२,५३० किलोमीटरला १६ तास, आणि उरलेल्या काहीशे किलोमीटरला शंभरच्या वर! काकांनी शीट बघितली आणि विमानाच्या रकान्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट गेलं ते विकिरणाच्या रांगेवर आणि वाशी-सहार रस्त्यावर. "इथले सहा तास वाचव, विमान मी बघतो," म्हणाले. मग आम्ही ट्रकच्या निघायच्या वेळा बदलून बघितल्या. कोकणातून तीन तास आधी निघालेला ट्रक केंद्रावर कधी कधी अख्खा दिवस वाचवतो, कारण रांगेत पुढचा नंबर मिळतो. जगातलं कुठलंही जास्त वेगाचं विमान त्याला तो दिवस देऊ शकलं नसतं.

आता नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय, २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडायला लागली. वाशीहून तो सहारपेक्षा जवळ. अमेरिका तेवढीच लांब राहील, पण तिथून लांबच्या मार्गांची मालवाहतूक वाढली तर खाडीपुलावरचे तास तरी वाचतील.

कागदाचं अंतर

आता सगळ्यात अवघड भाग. हे अंतर कुठल्याच ॲपमध्ये येत नाही.

१९८९ ते २००७ अशी अठरा वर्षं अमेरिकेत भारतीय आंब्याला बंदी होती, किडीच्या भीतीने. मुंबई-न्यूयॉर्क अंतर तेव्हाही १२,५३० च होतं. विमानं जात होती, माणसं जात होती, आंबा जात नव्हता. २००७ च्या एप्रिलमध्ये दार उघडलं, ते विकिरणाच्या अटीवर. लासलगावचं केंद्र तेव्हा आधी कामाला आलं.

२०१४ मध्ये १ मेपासून युरोपीय संघाने हापूस बंद केला, काही मालात फळमाशी सापडली म्हणून. लंडन फक्त ७,२०० किलोमीटर, पण तो हंगाम तिथला बाजार बंद. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला बंदी उठली. युरोपसाठी आता ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची पद्धत आहे. कोविडमध्ये, २०२० आणि २०२१ ला, अमेरिकेचे निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत. निरीक्षक नाही तर विकिरणावर सही नाही, सही नाही तर निर्यात नाही. दोन हंगाम गेले.

आणि मे २०२५ ची बातमी तुमच्यातल्या काहींनी वाचली असेल. ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत विकिरण झालेला आंबा विमानाने लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाला पोचला. मालाच्या १५ खेपा तिथे नाकारल्या गेल्या. कारण? फळात कीड नव्हे, सोबतच्या एका फॉर्ममधली त्रुटी. प्रक्रिया झाली होती असं निर्यातदारांचं म्हणणं होतं. पर्याय दोन दिले गेले: माल परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा.

आता तुम्ही सांगा, काय कराल? लॉस एंजेलिस ते मुंबई, सुमारे १४,००० किलोमीटर. भाडं पुन्हा भरायचं आणि आंब्याचं घड्याळ तर चालूच आहे. परत येईपर्यंत विकायला काय उरणार? निर्यातदारांनी माल तिथेच नष्ट करायला दिला. नुकसानीचा अंदाज सुमारे ५ लाख डॉलर, म्हणजे चार कोटींच्या वर. १४,००० किलोमीटर पार करून आलेला आंबा शेवटचे काही मीटर, गोदामातून दारापर्यंत, जाऊ शकला नाही.

मी कोड लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे ही बातमी वाचून मला पहिला विचार आला तो असा: फॉर्म विमान उडायच्या आधी तपासला गेला असता, तर ही चूक वाशीत पकडली गेली असती, आणि वाशीत तिची किंमत होती फक्त एक नवा कागद. हेच काम सॉफ्टवेअर चांगलं करू शकतं. त्यासाठी एआय वगैरेचा गाजावाजा नको. कोणता रकाना रिकामा आहे, कोणता नंबर जुळत नाही, एवढं सांगणारा साधा प्रोग्रॅम पुरे. तुमच्यापैकी जे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधताय त्यांनी एकदा फळ बाजारात चक्कर मारा. पहाटे या, नऊनंतर गर्दी ओसरते.

उलटी वाट

जाता जाता एक गोष्ट. अंतर इकडेही येतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाशीच्या फळ बाजारात हापूसच्या पेट्या दिसल्या तर चमकू नका, त्या आफ्रिकेतल्या मलावीच्या असतात. काही वर्षांपूर्वी कोकणातून नेलेल्या काड्यांपासून तिथे बागा लावल्या गेल्या. मलावीची राजधानी लिलाँग्वे ते मुंबई, माझ्या हिशोबाने सुमारे ५,६०० किलोमीटर. थेट विमान नाही, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच. पण मलावी विषुववृत्ताच्या खाली आहे, ऋतू उलटे. आपल्याकडे झाड मोहोराच्या तयारीत असतं तेव्हा तिकडे फळ उतरतं. त्या आंब्याने खरं पार केलेलं अंतर आहे ते पाच महिन्यांचं.

आणि घाई नसेल तर समुद्र आहेच. जून २०२२ मध्ये वाशीत विकिरण केलेला आंबा पहिल्यांदा कंटेनरमधून जहाजाने अमेरिकेला गेला, साधारण २५ दिवसांत. भाडं विमानापेक्षा खूप कमी. पण २५ दिवस ते घड्याळ थंडाव्याने हळू चालवावं लागतं. ते पक्कं जमलं, तर न्यूयॉर्क वेळेत लांब जाईल आणि पैशात जवळ येईल. मध्यमवर्गीय मराठी घरांना तिकडे एक डझन हापूस घेताना दहादा विचार करावा लागणार नाही, आणि इकडे बागायतदाराला विमानातल्या जागेची वाट बघत बसावं लागणार नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी फोन म्हणाला "१२,५०० किलोमीटर", की त्याला मनात तीन प्रश्न विचारा. रस्ता कुणाच्या आकाशातून जातो? आत घड्याळ असलेला माल आहे का? आणि कागद कुणी तपासलाय?

तुमच्या गावातून काय बाहेर जातं, द्राक्षं, डाळिंब, कांदा, फुलं, मासळी, आणि ते कुठे अडतं, हे मला लिहून कळवा. त्यातल्या एखाद्या मालाचे तास आपण पुढच्या एपिसोडमध्ये असेच मोजू. एपिसोड आवडला तर फॅमिली ग्रुपवर टाका, विशेषतः अमेरिकेतल्या ज्या मावशी दर मे महिन्यात विचारतात "आंबा एवढा महाग का रे?" त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!